हरपली का घ्यायची हाय?

गेल्या हिवाळ्यात वडिलांबरोबर हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात गेलो होतो. देवणी जनावरांच्या दावणीपाशी आम्ही उभे असताना एक गृहस्थ वडिलांना म्हणाले, "कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय हुडकायलोय." वडिलांनी लगेच विचारले, "हरपली का घ्यायची हाय?" ते हसले आणि म्हणाले, "घ्यायची हाय, मामा."

त्या काळात मी रोज संध्याकाळी ऑनलाइन स्पॅनिश शिकत होतो आणि विशेषण वाक्यांतल्या (नामाबद्दल सांगणाऱ्या 'जो-जी-जे'च्या वाक्यांतल्या) सब्जंक्टिव्हपाशी, म्हणजे खात्री नसलेल्या, मनातल्या गोष्टींसाठीच्या वेगळ्या क्रियारूपापाशी, महिनाभर अडकून पडलो होतो. पूर्वपद, म्हणजे विशेषण वाक्य ज्याच्याबद्दल सांगते ते नाम, निश्चित असेल तर साधे क्रियारूप आणि अनिश्चित असेल तर सब्जंक्टिव्ह, हा नियम वहीत तीनदा लिहूनही पूर्वपद निश्चित आहे की नाही हे ओळखायचे कसे, ते काही उमगत नव्हते. वडिलांच्या त्या एका प्रश्नाने ते उमगले.

त्या गृहस्थांचे वाक्य स्पॅनिशमध्ये दोन प्रकारे होते. गाय हरवलेली असेल तर ते म्हणतील, "बुस्को उना बाका के तिएने उना मान्चा ब्लान्का एन ला फ्रेन्ते." विकत घ्यायची असेल तर बाकीचे सगळे शब्द जागच्या जागी ठेवून फक्त 'तिएने'चे 'तेंगा' करतील. हरवलेली गाय कुठेतरी चरत असते, तिचा ठिपका मालकाने रोज पाहिलेला असतो. घ्यायची गाय मात्र अजून मनातच असते आणि तशी एखादी बाजारात असेलच याची खात्री नसते. 'उना' म्हणजे 'एक' हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे त्याच्यावरून काहीही ठरत नाही. (लिहिताना 'व'चे अक्षर आणि म्हणताना 'बाका', ही गंमत अंगवळणी पडायलाही मला बरेच दिवस लागले.)

मराठीतही हा भेद आहे, पण 'असलेली' या धातुसाधिताने तो झाकून टाकला आहे. वाक्य उलगडून 'जिच्या कपाळावर ठिपका आहे अशी' किंवा 'जिच्या कपाळावर ठिपका असेल अशी' असे म्हटले, की वडिलांना विचारावे लागणार नाही; मात्र बाजारात उभे राहून असे कोणी बोलत नाही. मराठी व्याकरणातला विध्यर्थ सब्जंक्टिव्हच्या जवळचा मानला जातो आणि 'त्याने यावे असे मला वाटते' यासारख्या वाक्यांत तो बरोबर बसतो, परंतु विशेषण वाक्यात ते काम 'असेल', 'येईल', 'देईल' ही रूपे करतात. "नो आय माल के सिएन आन्योस दूरे" या स्पॅनिश म्हणीचा अर्थ मी वहीत सहज लिहिला, 'शंभर वर्षे टिकेल असे दुःख नाही', आणि मग लक्षात आले की जिथे त्यांनी 'दूरे' हे सब्जंक्टिव्ह घातले आहे, तिथे माझ्या हातून आपोआप 'टिकेल' आले. जी गोष्ट मुळात नाहीच म्हणून सांगायची, तिच्याबद्दलचे विशेषण वाक्य नेहमी असेच चालते.

याहून जास्त आनंद मला 'ला' या प्रत्ययाने दिला. ओळखीच्या, ठरावीक डॉक्टरला शोधायचे असेल तर स्पॅनिशमध्ये त्याच्याआधी 'आ' येतो आणि क्रियापद साधे राहते: "बुस्को आ उन मेदिको के साबे मराती." मराठी येणारा कोणीही चालणार असेल तर 'आ' गळतो आणि 'साबे'चे 'सेपा' होते. आपणही 'डॉक्टर शोधतोय' आणि 'डॉक्टरला शोधतोय' यांत हाच फरक करतो. 'आल्गिएन', म्हणजे 'कोणीतरी', हा शब्द मात्र अनिश्चित असूनही 'आ' सोडत नाही, आणि आपले 'कोणालातरी शोधतोय' हेही 'ला' सोडत नाही.

तरीही 'असेल'वर डोळे झाकून विसंबता येत नाही, हे मी चुका करून शिकलो. ते दिसायला भविष्यकाळ असल्यामुळे मी सुरुवातीला 'तेंगा'च्या जागी 'तेन्द्रा' हे भविष्यकाळाचे रूप लिहीत असे आणि बाई प्रत्येक वेळी ते खोडत असत. शिवाय मराठीत 'ठिपका असेल अशी गाय शोधत होतो' हे चालते, पण स्पॅनिशमध्ये शोध भूतकाळात गेला की सब्जंक्टिव्हलाही त्याच्या मागे जावे लागते: "बुस्काबा उना बाका के तुबिएरा."

दुपारी परत निघताना ते गृहस्थ पुन्हा दिसले. त्यांच्या हातातल्या दाव्याला एक उमदी देवणी होती आणि तिचे कपाळ काळेभोर होते. घरी येऊन मी वहीत लिहिले, "कोम्प्रो उना बाका के नो तिएने निन्गुना मान्चा एन ला फ्रेन्ते." त्यांनी कपाळावर एकही ठिपका नसलेली गाय घेतली, आणि गाय आता त्यांच्या दावणीला होती, म्हणून 'तिएने'.