दुबई ते सोलापूर: विमान सरळ, गोची डिकीत

दुबई-मुंबई विमान तीन तासांचं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पोरं कार्टून बघतात, झोपतात, उतरतात. सोलापूरकराचा खरा प्रवास मुंबई विमानतळाच्या टी-टू, म्हणजे टर्मिनल दोनच्या, बाहेर सुरू होतो. ट्रॉलीवर चार मोठ्या बॅगा, चार हातातल्या, आणि समोर उभी डिझायर. 'सेडान आहे साहेब, सगळं बसतंय' असं फोनवर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. यंदाच्या जुलैच्या फेरीत सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं तिथंच गेलं.

गोम सीएनजीत आहे. भाड्याच्या बहुतेक सेडान सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आडवी बसते, वर दोन छोट्या. बाकीचं पोरांच्या पायाशी किंवा टपावर. टपाला कॅरियर असतोच असं नाही, असला तर त्याचे वेगळे पैसे मागतात. जुलैत लोणावळ्याच्या घाटात पाऊस असतो, म्हणून ताडपत्री हवी, आणि ती गाडीत नसते. अर्टिगा घेतली तरी सुटका नाही. सीएनजी अर्टिगात टाकी मागच्या रांगेच्या पाठीमागे असते, त्यामुळे ती रांग पाडल्याशिवाय बॅगा जात नाहीत. रांग पाडली की सात सीटांची गाडी पाच सीटांची होते.

दुसरं, सीएनजी भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावं लागतं. नियमच आहे आणि तो बरोबर आहे. पण मुंबई-सोलापूरच्या चारशे किलोमीटरला एकदा तरी टाकी भरावी लागते. म्हणजे पहाटे चारला पंपाच्या रांगेत झोपलेलं पोर कडेवर घेऊन उभं राहायचं. हे बुकिंग करताना कुणीही सांगत नाही.

म्हणून गाडी ठरवताना तीनच प्रश्न विचारा: इंधन कोणतं, मागची रांग कशी दुमडते, आणि डिकीचा फोटो. 'गाडी चांगली आहे ना' याला काही अर्थ नाही. चार माणसं आणि माणशी तीस किलो सामान असेल तर डिझेल इनोव्हा क्रिस्टा, मागची रांग दोन्ही बाजूंना उचलून बांधलेली. त्याखालची कुठलीही गाडी नको. पोरांची कार-सीट स्वतःची न्या, इथल्या टॅक्सीत ती मिळत नाही.

आता भाडं. 'किलोमीटरला चौदा' ऐकून मनात चौदा गुणिले चारशे, म्हणजे ५,६०० असा हिशोब होतो. गाडीवाला जाऊन-येऊन धरतो: आठशे गुणिले चौदा, ११,२००. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा आकार, दोन्ही बाजूंचा टोल आणि विमानतळावरचं पार्किंग. विमान दोन तास लेट झालं तर ते पार्किंगही तुमच्याच बोकांडी. यातलं काही बेकायदा नाही, फक्त सांगत नाहीत. त्यामुळे 'सोलापूर दारात, टोल-पार्किंग-भत्त्यासकट एकूण किती' एवढंच विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. लिहून द्यायला का-कू करणारा सोडून द्या. ड्रायव्हरला पार्किंगमध्ये आधीपासून थांबवू नका. बॅगा पट्ट्यावरून हातात आल्या की मग बोलवा.

आणि रात्रीची गाडी नकोच. पहाटे तीनला उतरलेल्या विमानाला आलेला ड्रायव्हर आदला दिवस कुठंतरी फिरलेला असतो. द्रुतगती मार्गावर तो जागा असतो, कारण घाट आहे आणि कॅमेरे आहेत. पुण्यापुढचा रस्ता सरळ, चौपदरी आणि कंटाळवाणा. इंदापूर-टेंभुर्णीच्या आसपास, ऊन चढायच्या सुमारास, त्याची मान कलू लागते. शेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही. भिगवणला चहाला थांबलाच पाहिजे, तो नको म्हणाला तरी.

यावर उतारा रेल्वे. वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी सुटते आणि रात्री पावणेअकराच्या आत सोलापूर. बुधवारी मुंबईहून नसते, हे तिकीट काढायच्या आधी बघा, विमानाचं तिकीट काढायच्याही आधी. सकाळी अकरापर्यंत उतरणारं विमान असेल तरच ती धरा. अडचण एकच: वरच्या रॅकवर मोठी बॅग बसत नाही. मोठ्या बॅगा डब्याच्या टोकाला ठेवाव्या लागतात आणि तिथली जागा आधी आलेल्याची. त्यामुळे दादरला चढू नका, तिथं गाडी जेमतेम थांबते. सीएसएमटीलाच जा आणि वेळेआधी जा. ऑक्टोबर २०२५पासून टी-टू ते सीएसएमटी थेट मेट्रो आहे. एक-दोन बॅगा असतील तर झकास. आठ नग आणि दोन पोरं घेऊन मेट्रोत शिरणं हा वेडेपणा आहे, टॅक्सी करा.

विमान संध्याकाळी येत असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस. रात्रभर झोप आणि सकाळी सोलापूर. मोठ्या बॅगा खालच्या बर्थखाली आडव्या जातात. साखळी-कुलूप सोबत ठेवा. आमच्या मते कुटुंबासाठी मुंबईहून हाच सगळ्यात शहाणा मार्ग. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि खालचे बर्थ लगेच जातात. तत्काळ धरून चालू नका: त्याला आधारचा ओटीपी लागतो आणि तो इथल्या नंबरावर येतो, जो दुबईत बहुधा बंद पडलेला असतो.

पुण्याला थेट विमान मिळालं तर मुंबईचा विचारच करू नका. लोहगाव ते सोलापूर साधारण अडीचशे किलोमीटर. वाईट तुकडा फक्त हडपसर ते यवत. पण आषाढात पंचांग बघा. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम करत याच रस्त्यानं जाते आणि त्या दिवसांत वाहतूक वळवतात. आषाढाच्या आधी अधिक मास आला की वारी उशिरा निघते आणि दुबईच्या शाळांच्या जुलैच्या सुट्टीवर बरोबर येऊन पडते. त्या आठवड्यात रस्ता नको, रेल्वे.

सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे तेलुगू वस्तीतले, लोक हैदराबादला उतरतात आणि त्यांचं बरोबर आहे. नातेवाईक तिकडं, विमानं भरपूर, रिंग रोडनं पाटणचेरूला बाहेर पडलं की जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर. अंतर पुण्यापेक्षा जास्त, पण मधे मोठं शहर नाही. फक्त गाडी ऑल इंडिया परमिटची आहे का ते विचारा. नसेल तर सीमेवरचा कर कोण भरणार यावर भांडण होतं.

सोलापुरातले दहा दिवस सुखाचे. अक्कलकोट, तुळजापूर, एक दिवस विजापूर, सगळं अर्ध्या-एका दिवसात होतं. फक्त पाणी. नळाला रोज पाणी येत नाही. तुमच्या पेठेचा दिवस कोणता ते पोचल्याबरोबर विचारा आणि मशीनचे कपडे त्या दिवसासाठी ठेवा. दुबईत वाढलेल्या पोरांना पिण्यासाठी जार आणा, शहाणपणा नको. दुबईचे चौकोनी तीन पिनांचे चार्जर इथल्या बोर्डात जात नाहीत. ॲडॉप्टर तिकडूनच आणा.

परतीची बॅग भरताना मात्र हात आखडता घ्या. चादरी आणि टॉवेल काट्यावर ठेवून बघा, घरात हलक्या वाटतात, विमानतळावर नाही. कडक भाकरी चुरते, स्टीलच्या डब्यात न्या. शेंगा चटणीला तेल सुटतं, दुहेरी पिशवी हवी आणि ती मोठ्या बॅगेतच, हातातल्या बॅगेतली तपासणीला उघडतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, त्यांना तेलामुळे आग धरते म्हणून विमानात मनाई आहे.

आणि काळा मसाला. आईनं, सासूनं घरी कुटलेला असो किंवा गिरणीवरून आणलेला, त्यात खसखस आहे का हे विचारल्याशिवाय डबा बंद करू नका. यूएईत खसखस अमली पदार्थांच्या यादीत धरतात. चिमूटभर आहे, घरची आहे, असं तिथं चालत नाही. कुटायच्या आधीच सांगा, बिनखसखशीचा वेगळा कुटून घ्या आणि डब्यावर तसं लिहा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही तसंच. डॉक्टरांनी दिलं असलं तरी यूएईची ऑनलाइन परवानगी आधी काढा, नाहीतर ते सोलापुरातच ठेवून जा.