चौघांनी तेच लिहिलंय म्हणून?

मी काय काम करते असं कोणी विचारलं की आई सांगते, कॉम्प्युटरवर बसते. खोटं नाहीये तसं. मी क्युरेटर आहे, म्हणजे नाशिकला कॉलेज रोडच्या फ्लॅटमध्ये बसून एन्झाइमवरचे, म्हणजे रासायनिक क्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रोटीन्सवरचे, पेपर वाचायचे, त्यातले आकडे काढून डेटाबेसमध्ये भरायचे आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहायचं. यातलं शेवटचं काम कोणालाच आवडत नाही, मलाही नाही आवडायचं.

मागच्या महिन्यात एका एन्झाइमचा के-एम खटकला. के-एम म्हणजे एन्झाइमचा वेग त्याच्या कमाल वेगाच्या निम्मा व्हायला सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, किती लागतं तो आकडा. इथे होता ३५ मिलिमोलर, आणि याच्या सगळ्या भाऊबंदांचं मायक्रोमोलरमध्ये भागतं, मग हा एकटाच हजारपट खादाड कसा? चार डेटाबेस बघितले, चारीकडे ३५ मिलिमोलर. सोडूनच देणार होते, पण सोर्स बघत मागे मागे गेले तर चौथ्याने तिसऱ्यावरून उचललेलं, तिसऱ्याने दुसऱ्यावरून, दुसऱ्याने पहिल्यावरून आणि पहिल्याने एका जुन्या पेपरवरून. म्हणजे बघणारा एकच, बाकी सगळे ऐकून आलेले.

पेपरची पीडीएफ मिळवली तर टेबलात स्वच्छ मायक्रोमोलर, मायक्रोसाठी लिहितात तो ग्रीक म्यू तिथे दिसतोय. म्हटलं बघू तरी, आकडा युनिटसकट कॉपी केला, शीटमध्ये पेस्ट केला, आणि माझ्या डोळ्यांदेखत म्यूचा एम झाला, म्हणजे मायक्रोचं मिली! पूर्वी ग्रीक अक्षरं सिम्बॉल फॉन्टने टाकायचे, त्यातला म्यू आतून साधा एमच असतो, फॉन्ट गेला की एम उरतो. कोणीतरी कधीतरी नेमकं हेच केलं असणार. एक्सेलने सेप्ट-२ या जीनच्या नावाचं २ सप्टेंबर करून टाकायचं ते माहितीच असेल, त्या वैतागापायी २०२० मध्ये माणसाच्या काही जीन्सची नावंच बदलावी लागली.

बरं, आमच्या क्षेत्रात याची काळजी कोणी घेत नाही असं अजिबात नाही. स्विस शास्त्रज्ञ अमोस बैरोख यांनी १९८६ मध्ये स्विस-प्रॉट हा प्रोटीन्सचा डेटाबेस सुरू केला, आज त्यात माणसांनी तपासलेल्या साडेपाच लाखांहून जास्त नोंदी आहेत, आणि शेजारी त्याच्याच जोडीच्या ट्रेंबल डेटाबेसमध्ये मशीनने लेबल लावलेल्या कोट्यवधी. कुठला जीन काय काम करतो ते नोंदवणाऱ्या जीन ऑन्टॉलॉजीत तर प्रत्येक माहितीपुढे पुराव्याचा कोड असतो, आयडीए म्हणजे प्रयोगात थेट दिसलं, आयईए म्हणजे मशीनने ठरवलं, माणसाने एकेक करून पाहिलेलं नाही. आणि लोक फाइल डाउनलोड करून पहिलं काय करतात? तो कॉलम उडवतात!

याच भानगडीत असताना जळगावची आत्या आली आणि तिला रामकुंडावर आमच्या उपाध्यायांकडे घराण्याची वही बघायची होती, मग गेलो. गुरुजींनी गावाचं नाव विचारलं, कापडात बांधलेली वही काढली आणि पाच मिनिटांत पणजोबा सापडले, शके १८५३, म्हणजे १९३१, खाली त्यांची मोडीतली सही. पानाच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं, अमुक नंबरच्या जीर्ण वहीवरून उतरवले. मी ती ओळ दोनदा वाचली, आत्या म्हणाली काय गं, काय एवढं त्यात.

पुढच्या पानावर आत्याला चूक दिसली, तिच्या धाकट्या काकांचं नाव वसंत नाही, यशवंत. मला वाटलं गुरुजी खोडतील. त्यांनी वसंत तसंच ठेवलं, खाली लिहिलं "यशवंत", पुढे आत्याचं नाव, नातं, तारीख आणि वही तिच्याकडे सरकवली, "करा सही." आत्याने चष्मा नाही म्हणून कुरकुर केली, पण केली. मी तिथे उभी राहून विचार करतेय की आमच्याकडे किती ठिकाणी जुना आकडा सरळ पुसून वर नवा टाकतात, कोणी बदलला आणि कशावरून याचा पत्ताच नाही.

घरी येऊन चारही डेटाबेसना मेल टाकले, पेपर जोडला, टेबलचा फोटो जोडला, म्यूवर लाल गोल काढला. दोघांनी दुरुस्त केलं, एकाचं अजून काहीच नाही. आणि चौथ्याचं उत्तर काल आलं, अगदी नम्र भाषेत, की तुमची सूचना तपासली, पण हाच आकडा आणखी एका मान्यवर डेटाबेसमध्येही आहे, तेव्हा बदल करता येत नाही.

तो आणखी एक म्हणजे ज्याचं अजून उत्तर यायचंय तोच.