क्यार आलं तेव्हा भात कापून पडलं होतं

मी रत्नागिरी जिल्ह्यात शेतकऱ्यांना हवामान सल्ला द्यायचं काम करते. दर मंगळवारी नि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा पाऊस-वारा बघायचा आणि फवारणी करा, कापणी उरका असं थोडक्यात लिहून ग्रुपवर टाकायचं.

25 ऑक्टोबर 2019, शुक्रवार, धनत्रयोदशी. मान्सून 16 तारखेलाच देशातून गेला असं जाहीर झालेलं, त्या भरवशावर राजापूरकडे बऱ्याच जणांनी भात कापलं होतं आणि आपल्याकडची पद्धत म्हणजे कापलेलं भात एक-दोन दिवस खाचरातच वाळत ठेवायचं, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचं. नेमकं तेव्हाच समोर अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ. किनाऱ्यावर न येता ते पश्चिमेला वळलं, पण पाऊस मात्र आमच्या डोक्यावर ओतून गेलं. इशारा आला होता हो, पण ज्यांचं आधीच कापून पडलेलं त्यांनी करायचं काय?

नंतर बांधावर गेले तर एका भाऊंनी पाण्यातून लोंबी उचलून माझ्या हातात ठेवली. दाणे टम्म फुगलेले, तूस फोडून पांढरे कोंब बाहेर आलेले. म्हणाले, "मॅडम, टीव्हीवाले जूनपासून अल निनो अल निनो करतायत, पाऊस कमी म्हणून. मग हे काय?"

प्रश्न रास्तच होता. जूनमध्ये देशात खरंच 33 टक्के तूट होती आणि सीझन संपला तो सरासरीच्या 110 टक्क्यांवर. अल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, त्यानं आपला पाऊस बरेचदा घटतो. पण 2019 चा आधीच मवाळ, तो उन्हाळ्यात ओसरला आणि इकडे हिंदी महासागरात जोरदार पॉझिटिव्ह डायपोल तयार झाला. म्हणजे सुमात्रा-जावाजवळचं पाणी थंड, आफ्रिकेकडचं गरम, विषुववृत्तावर वारे उलटे पूर्वेकडून पश्चिमेला. असं झालं की आपल्याकडे पाऊस बरेचदा वाढतो आणि अरबी समुद्रात वादळांनाही जोर मिळतो. दोन्ही महासागरांवरचं हवेचं चक्र इंडोनेशियावर एकमेकांना भिडतं, म्हणून प्रशांत तापला की बरेचदा डायपोलही उठतो, पण 2019 सारखा जवळजवळ स्वतःच्या जोरावरही उठतो. 1997 चा अल निनो केवढा मोठा, तरी आपल्याकडे 102 टक्के पाऊस झाला, त्यात डायपोलचा हात होता. शिवाय अटलांटिक आहेच, तिकडे गिनीच्या आखाताजवळ उन्हाळ्यात पाणी तापलं की आपला मान्सून थोडा मंदावतो. चॅनलवाल्यांना मात्र एकच महासागर माहितेय, आणि लोक त्यावर बियाणं घेतात याचा मला राग येतो.

मला अजून सतावतं ते हे की डायपोल सप्टेंबरातच नकाशावर लालभडक दिसत होता. त्यावरून वादळाची तारीख सांगता येत नाही हे मान्य, पण आमच्या पाच दिवसांच्या सल्ल्यात अशा गोष्टीला जागाच नाही. एक सहकारी म्हणतात, शेतकऱ्याला डायपोल काय कळणार, उगाच घाबरतील. मला हे अजिबात पटत नाही. समुद्राचं पाणी कधी तापलंय, कधी निवलंय हे इथल्या तांडेलांना, म्हणजे मच्छीमार होडीच्या म्होरक्यांना, आमच्याआधी कळतं, शेतकरी काय वेगळे?

2023 ला परत डायपोल होता, सोबत अल निनोही, आणि ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला. म्हणजे डायपोल दरवेळी तारतोच असं नाही. ऑक्टोबरात तेज वादळ आलं तेही लांब पश्चिमेला, येमेनला जाऊन धडकलं. तरी डायपोलच्या वर्षी सप्टेंबरातच मी स्वतःहून एक ओळ टाकते: "यंदा समुद्र तापलेला आहे, मान्सून गेला म्हणून निर्धास्त राहू नका, जेवढं एका दिवसात उचलता येईल तेवढंच कापा, ताडपत्री हाताशी ठेवा."