पुणे ते कन्याकुमारी : तीन दिवसांच्या मोटारप्रवासाची आखणी

यंदाच्या जानेवारीत आम्ही दोघांनी पुणे ते कन्याकुमारी हा सुमारे दीड हजार किलोमीटरचा प्रवास आलटूनपालटून गाडी चालवत तीन दिवसांत केला. रस्ता चुकण्यासारखा नाही : बंगळुरूपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४८ आणि तेथून होसूर, कृष्णगिरी, सेलम, मदुराई, तिरुनेलवेलीमार्गे थेट टोकापर्यंत महामार्ग ४४. त्यामुळे आखणी करताना कोणत्या रस्त्याने जायचे याचा विचार फारसा करावा लागला नाही. कोणत्या पट्ट्यात किती वाजता असायचे, यावरच सगळा खल झाला. मोबाइलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात जेवण, चहा आणि पाय मोकळे करणे धरलेले नसते, म्हणून आम्ही दर चार तासांमागे एक तास वाढवून हिशेब मांडला.

पहिला मुक्काम चित्रदुर्गला, म्हणजे साधारण ६४० किलोमीटरवर ठेवला आणि पहाटे पाचला निघालो. एवढा लांब पल्ला पहिल्याच दिवशी घेतला, कारण त्या दिवशी अंग ताजे असते. सातारा ते कागल या पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामांमुळे जागोजागी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवलेली असते आणि अंधारात ही वळणे अगदी जवळ आल्यावरच दिसतात. त्यात जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर तो लोंबणाऱ्या उसाआड गेलेला असतो, आणि आपण ऐंशीच्या वेगात असताना समोरचा ढीग चालतो आहे की उभा आहे हे कळायला उशीर होतो. साताऱ्यापासून निपाणीपर्यंतचा रस्ता दिवसाउजेडीच पार करावा, असे माझे ठाम मत आहे.

हावेरीच्या अलीकडे आमचे मागचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी काढली तर तिच्यात जेमतेम निम्मी हवा होती. निघण्यापूर्वी चारही चाकांची हवा तपासली होती, पाचव्याची आठवण कोणालाच झाली नव्हती. डिकीत छोटा विजेवर चालणारा पंप होता म्हणून निभावले. चाक हातात होते तेव्हा टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही वाचला : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या स्टेपनीवर ३५१८ होते, म्हणजे टायर २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी करकरीत, पण रबराला बारीक भेगा. अशा टायरवर वेग साठच्या आत ठेवून हुबळीनंतरची ती संध्याकाळ काढली आणि चित्रदुर्गला अंधार पडल्यावर पोहोचलो. किल्ला पाहायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र मुद्दाम उशिरा निघालो. चित्रदुर्गहून सहाला निघणारा माणूस नेमका कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी बंगळुरूच्या तोंडाशी पोहोचतो. आम्ही नवा टायर बसवून साडेआठनंतर सुटलो आणि नेलमंगला अकराच्या पुढे ओलांडले. तुमकुरू रस्त्यावरून फुटून इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ होसूर रस्त्याला मिळणारा नाइस रस्ता घेतल्यास शहर टळते. त्याचा टोल वेगळा आहे आणि फास्टॅगचा वार्षिक पास तेथे चालत नाही.

पासाबद्दल येथेच सांगतो. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३००० रुपयांना सुरू झालेला हा पास खाजगी मोटारींसाठी असून एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत, राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. या मार्गावर एवढे नाके लागतात की जाऊन-येऊन बरीचशी रक्कम वसूल होते. तरीही फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावीच, कारण राज्य महामार्ग आणि खाजगी रस्ते नेहमीप्रमाणे पैसे कापतात. रस्त्यात अडचण आल्यास महामार्ग मदतीचा क्रमांक १०३३ आहे.

धर्मपुरी आणि सेलम यांच्यामध्ये तोप्पूर घाट लागतो. दक्षिणेकडे जाताना तो पूर्ण उताराचा आहे आणि भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी झाल्यामुळे तेथे अनेक मोठे अपघात झाले आहेत. खालच्या गिअरमध्ये उतरावे, न्यूट्रल कदापि करू नये, आणि आपल्या मागे ट्रक फार वेळ राहू देऊ नये. आम्ही चारच्या सुमारास, उजेडात उतरलो. सेलमचा मुक्काम त्यासाठीच निवडला होता.

तिसऱ्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे, कारण रस्ता उत्तम आहे. फक्त तैपूसम या जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) उत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत दिंडीगुलच्या आसपास पळणीच्या मुरुगन मंदिराकडे पायी निघालेल्या भाविकांचे जथे रस्त्याच्या कडेने, रात्रीसुद्धा, चालत असतात. आपल्याकडच्या वारीची सवय असलेल्याला वेग कुठे कमी करायचा ते सांगावे लागणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की आपल्याकडचा पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि तो डिसेंबरपर्यंत चालतो. तिरुनेलवेलीच्या पुढे पवनचक्क्या दिसू लागल्या की आडवा वारा स्टिअरिंगला जाणवतो.

परतीचा प्रवास याच क्रमाने उलटा केल्यास उसाचा पट्टा नेमका संध्याकाळी येतो. म्हणून शेवटची रात्र कोल्हापुरात काढली आणि खंबाटकीचा बोगदा दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडला.