मोन्टानातल्या शिकारीसाठी धारावीत शिवलेलं होल्स्टर

माझा भाचा अमेरिकेत, मोन्टाना राज्यातल्या बोझमनला असतो. विद्यापीठात नोकरी, हातात ग्रीन कार्ड, आणि तिथल्या मित्रांच्या संगतीनं लागलेला एल्कच्या शिकारीचा नाद. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही दांडगं हरीण. ते मारायला रायफल असते, मग कमरेला रिव्हॉल्व्हर कशाला, असं मी त्याला विचारलं होतं. तर ते अस्वलासाठी. जनावर पडलं की ते सोलून, तुकडे करून पाठीवर लादेपर्यंत तासन्‌तास जातात. तेवढा वेळ रायफल झाडाला टेकवलेली असते, दोन्ही हात रक्तानं माखलेले असतात आणि त्या वासावर ग्रिझली अस्वल येऊ शकतं. तिथलं वन्यजीव खातं सांगतं की आधी अस्वलाला हुसकवायचा स्प्रे जवळ ठेवा. भाचा तो ठेवतोच. रिव्हॉल्व्हर त्यानंतरचं.

"मामा, रिव्हॉल्व्हर अडकवायचं म्यान, म्हणजे चांगलं चामड्याचं होल्स्टर, इथे दोनशे डॉलरच्या घरात जातं, आणि नावाजलेल्या कारागिराकडे महिनोन्‌महिने नंबर लागत नाही. तू धारावीत बघशील का?"

मी गोदीतून निवृत्त झालेला ड्राफ्ट्समन. बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण माप नीट मिळालं तर मुंबईत काय वाटेल ते बनवून मिळतं यावर माझा विश्वास आहे. तिकडचा रायफलचा हंगाम ऑक्टोबरअखेर सुरू होतो आणि पाच आठवडे चालतो. म्हणजे आमचं सगळं काम ऐन पावसाळ्यात येणार होतं.

चामड्याच्या मागे लागण्याआधी मी त्याला व्हिडिओ कॉलवर उभा केला. म्हटलं, डोंगर चढताना जे जे अंगावर असतं ते सगळं चढव, मग बोलू. हे फार कामी आलं. उजव्या कमरेला होल्स्टर हवं, असं तोवर तो ठामपणे म्हणत होता. पण पाठीवरच्या सॅकचा रुंद पट्टा नेमका कमरेवर बसतो. होल्स्टर पट्ट्याखाली गेलं तर मूठ बरगडीत रुतते, पट्ट्यावर आलं तर पट्टाच घट्ट होत नाही. शिवाय उजव्या बाजूला स्प्रेचा डबा आहे, आणि त्याची ती जागा मला बदलायची नव्हती. मग क्रॉसड्रॉ पाहिलं, म्हणजे डाव्या कमरेला तिरकं लावून उजव्या हातानं काढायचं. ट्रकमध्ये बसणाऱ्याला ते उत्तम. पण कमरेच्या पट्ट्याचा अडथळा इथेही होताच, आणि चढणीवर गुडघा वर आला की नळी मांडीवर आपटणार. काखेतलं खांद्याचं होल्स्टर मी स्वतःच नाकारलं. जाकिटाच्या आत हात घालायला वेळ लागतो, आणि त्यातल्या आडव्या प्रकारात नळीचं तोंड मागून येणाऱ्या माणसाकडे असतं. चारचौघांनी एकामागोमाग चालायचं असताना हे मला पटेना.

राहिली छाती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रणगाड्यांवरचे लोक असं होल्स्टर वापरत, म्हणून आजही त्याला टँकर होल्स्टर म्हणतात. एक पट्टा खांद्यावरून, दुसरा पाठीमागून काखेखाली, मूठ उजव्या हाताकडे आणि नळी डाव्या कमरेकडे खाली. सॅक चढवली काय नि उतरवली काय, ते जागचं हलत नाही. पण छातीवर दुर्बीण होती! शिकाऱ्यांची दुर्बीण गळ्यात लोंबत नाही, छातीवर पट्ट्यांनी आवळलेल्या खोक्यात असते. म्हणून होल्स्टर चार बोटं खाली, बरगड्यांच्या शेवटाला उतरवायचं ठरलं. आणखी एक कायदा निघाला. मोन्टानात रायफलच्या हंगामात कमरेच्या वर निदान ४०० चौरस इंच भडक नारिंगी कापड दिसावं लागतं. होल्स्टर आणि दुर्बिणीचं खोकं मिळून समोरचा बराच भाग झाकतात, तेव्हा अर्धवट बनियनऐवजी पाठीवरही नारिंगी असलेलं मोठं जाकीट घे, असं त्याला सांगितलं.

छातीचं माप मी त्याला हिवाळ्याच्या सगळ्या थरांवरून घ्यायला लावलं. टी-शर्टवर घेतलेलं माप आणि हे माप यांत बराच फरक पडतो.

आता चामडं. सायन-वांद्रे लिंक रोडवरच्या दुकानांत ज्या बॅगा आणि जाकिटं दिसतात, त्यांचं चामडं बहुतेक क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर, कमावलेलं असतं. मऊ, रंगीत, हाताला गोड. होल्स्टरला ते बिनकामाचं. ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही, आणि तोंड मऊ पडून मिटलं की एका हातानं रिव्हॉल्व्हर परत ठेवता येत नाही. मला झाडाच्या सालीवर कमावलेलं हवं होतं. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावतात, त्या जातीचं. आतल्या गल्लीत पोटमाळ्यावर बसणारे सोलापूरकडचे एक काका भेटले. पूर्वी गणवेशाचे पट्टे शिवायचे. त्यांनी ओळख पटवून दिली ती अशी: दोन चिंध्या कापल्या. क्रोमवाल्याची कड मधोमध निळसर राखाडी, सालवाल्याची आरपार बदामी. मग दोन्ही काडीनं पेटवल्या. क्रोमची राख हिरवट आली.

"साहेब, शिकार तर बंद आहे ना?" त्यांनी माप घेता घेता विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं बंद झाली, हे अमेरिकेत वापरायचं आहे. त्यांनी मान हलवली, पण कागदावर भाच्याचं नाव आणि गाव माझ्याकडून लिहून घेतलं. मला ते आवडलं.

२०१५च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर राज्यात बैलाचं चामडं मिळणं अवघड, म्हणून म्हशीचं घेतलं, कानपूरकडून येणारं, घोड्याच्या सामानासाठी वापरतात ते. काका पाच मिलिमीटरचं सुचवत होते. मी साडेतीनवर अडून बसलो, कारण दोन पदर शिवल्यावर जाडी दुप्पट होते आणि जाड चामडं सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या गोल भागाच्या, फुगवट्यावर नीट बसत नाही. आतून मऊ अस्तर लावतो म्हणाले, तेही नको म्हटलं. अस्तरात बर्फाचं पाणी आणि रेती अडकून राहते. तळ मात्र उघडा ठेवला, आत गेलेला कचरा खाली पडावा म्हणून.

खरी अडचण पुढे होती. रिव्हॉल्व्हर बोझमनला आणि चामडं धारावीत. अमेरिकेत कारागीर यासाठी प्लॅस्टिकची हुबेहूब प्रतिकृती वापरतात, पण तसली वस्तू कस्टममधून मागवायला माझं मन धजेना. काकांनी सहज विचारलं, "फर्मा कुठाय?" बुटाला पायाचा लाकडी फर्मा लागतो तसा याला बंदुकीचा. तिथून गाडी रुळावर आली. भाच्यानं रिव्हॉल्व्हर रिकामं करून कागदावर ठेवलं, कडेनं पेन्सिल फिरवली, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले आणि कॅलिपरनं मापं घेतली. स्मिथ अँड वेसनचं ६२९, .४४ मॅग्नम, चार इंची नळी, सिलिंडरचा व्यास जवळपास ४३ मिलिमीटर, वजन रिकाम्यानं सुमारे १.२ किलो. मी तिन्ही बाजूंची ड्रॉइंग काढली आणि गोदीच्या ओळखीतल्या एका पॅटर्नवाल्याकडे दिली. ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात त्याची हयात गेलेली. त्यानं सागवानात फर्मा कोरला. नळीच्या वर एक बारीक गोल काठी चिकटवायला मी सांगितलं होतं. त्या जागी चामड्यात खाच पडते आणि नळीच्या टोकाची नेम धरायची माशी बाहेर निघताना अडकत नाही. फर्मा मी घरी आणला तो जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. लोकलच्या गर्दीत लाकडाचं पिस्तूल दिसणंही नको.

चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं, फर्म्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून आत बसवला आणि काकांनी अंगठ्यानं आणि गुळगुळीत हाडाच्या तुकड्यानं सिलिंडरची, ट्रिगरगार्डची कड उठवली. हे काम बघत राहावं असं होतं. रापी आणि आरी ही त्यांची हत्यारं. शिलाई मशीनवर नाही, दोन सुयांनी, मेण लावलेल्या दोऱ्याची. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्हीकडचे दोरे जातात, म्हणून एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

वाळवणं हा वैताग. बाहेर संततधार, माळ्यावर भिंती ओल्या. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर चामडं तडकतं, दमट जागी ठेवलं तर बुरशी येते. शेवटी मी ते फर्म्यासकट घरी आणलं आणि पंख्याखाली टांगलं. बायकोनं एकदाच विचारलं, "पाहुण्यांसमोर हे असंच का?" वाळल्यावर मेण चोळलं, तेल अगदी बेतानं, कारण जास्त तेलानं ते पुन्हा मऊ पडतं.

ट्रिगर पूर्ण झाकला गेला पाहिजे, याबाबत मी तडजोड केली नाही. वरून एक पट्टी हॅमरच्या (मागच्या घोड्याच्या) खालून, म्हणजे तो मागे ओढताच येणार नाही अशी, टिचबटणानं बंद होते. पितळी बटण चामड्यातल्या चरबीनं हिरवं होतं, म्हणून स्टीलचं शोधून लावलं. जाड हातमोजा घालून अंगठ्यानं ते उघडतंय का, हे आधी मी स्वयंपाकघरातला ओव्हनचा मोजा घालून पाहिलं, मग पाठवलं. पट्टी उघडी ठेवून, उलटं धरूनही फर्मा खाली पडत नव्हता. कुरिअरवाल्यानं कागदावर 'होल्स्टर' वाचून साहेबाला बोलावलं. रिकामं उघडून दाखवल्यावर प्रश्न मिटला.

भाच्याचा निरोप आला तो मुद्देसूद. सुरुवातीला फार घट्ट होतं. रिकामं रिव्हॉल्व्हर शेकडो वेळा घालून-काढून सैल केलं. चालताना चामडं चरचरत होतं, एल्क ते ऐकतात. सांध्यांवर पुन्हा मेण चोळल्यावर आवाज गेला. सॅक, दुर्बीण, स्प्रे यांपैकी काहीही आड आलं नाही. घरी रिव्हॉल्व्हर त्यात ठेवू नकोस, चामडं ओल धरतं आणि स्टीललाही डाग पडतात, हे मी त्याला लिहिलं आहे. आता त्याच्या एका डावखुऱ्या मित्राला तसंच हवंय. फर्मा तोच चालेल, पण चामडं उलट कापायचं, पट्टे आरशातल्यासारखे फिरवायचे आणि टिचबटण डाव्या अंगठ्याखाली आणायचं. काकांना ते सांगितलंय. त्यांनी चामड्याचा भाव वाढल्याचं आधीच कळवून ठेवलंय.