मागच्या फळीतले पाणी

गेल्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात देवगड तालुक्यातील एका खाडीकाठी मी 18 फुटी फायबरची जुनी होडी आणि तिच्यासोबत 9.9 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचे, इंजिन विकत घेतले. 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी सुरू होत असल्याने त्या सुमारास बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवायची गडबड चालू असते. ज्याला होडी विकायची आहे, त्याला ती आणखी एक पावसाळा सांभाळणे नको असते. भाव करायला हा काळ बरा. शिवाय होडी कोरड्यावर असल्यामुळे तिचा तळ नीट पाहता येतो, जो पाण्यात तरंगणाऱ्या होडीचा कधीच दिसत नाही.

माझ्याबरोबर मामा होते. त्यांची उभी हयात होडीवर गेली आहे. मी सरळ इंजिनाकडे वळलो, तसे त्यांनी मला मागे बोलावले आणि खिशातून दहाचे नाणे काढून होडीच्या तळावर नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत ठोकत निघाले. धड फायबरवर नाणे टणकन वाजते. जिथे थर सुटलेले असतात किंवा आत पाणी मुरलेले असते, तिथे तोच आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा बोदा होतो. तळाला दोन ठिकाणी जुनी डागडुजी होती, पण आवाज स्वच्छ होता. वरच्या रंगाच्या थरातील केसासारख्या बारीक चिरांकडे त्यांनी दुर्लक्ष केले. एका बिंदूपासून चांदणीसारख्या पसरलेल्या चिरा मात्र त्यांनी नखाने चाचपून पाहिल्या, कारण तशा चिरा बहुधा जोराच्या धक्क्याने पडतात आणि त्यांच्याखालचा थर फुटला आहे का, हे पाहावे लागते.

ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्यापाशी आल्यावर आवाज बदलला. या फळीच्या पोटात प्लायवूड असते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी फायबर चढवलेले असते. इंजिनाच्या बोल्टसाठी पाडलेली भोके नीट बुजवली नाहीत, तर त्यांतून पाणी आत शिरते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी फळी आतून वर्षानुवर्षे कुजत राहते. मामांनी इंजिनाचा खालचा पाय दोन्ही हातांनी धरून वर उचलल्यासारखा हलवला. फळी किंचित, पण डोळ्यांना दिसेल इतकी लवली. मग मालकाच्या परवानगीने खालचा एक बोल्ट काढला, तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचे, कुबट वासाचे पाणी बोटभर ओघळले. होडी गेले पंधरा दिवस कडक उन्हात उभी होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाण्याचा अर्थ कळतो.

इंजिनाच्या बाबतीत मी एकटा असतो तर नक्की फसलो असतो. मालकाने गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दोरी ओढली आणि पहिल्याच ओढीत इंजिन धडधडू लागले. मामांनी ते बंद करायला लावले, वरचे झाकण काढले आणि सिलिंडरच्या डोक्याजवळ हात नेत एवढेच विचारले, ‘‘मशीन गरम कित्याक?’’ आम्ही येण्यापूर्वीच ते तापवून ठेवलेले होते. आम्ही दीड तास चहा आणि गप्पांत घालवला. थंड इंजिनाला नंतर अकरा ओढी लागल्या.

तेवढ्यावरून ते टाकाऊ ठरत नव्हते. प्लग काढून दाब मोजला, तेव्हा एका सिलिंडरचा 110 आणि दुसऱ्याचा 105 पीएसआय भरला. आकडा किती मोठा आहे, यापेक्षा दोहोंतला फरक दहा टक्क्यांच्या आत आहे का, हे पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते. गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल करून दोन थेंब बोटावर घेतले. तेल काळे होते, दुधाळ नव्हते, म्हणजे सीलमधून पाणी आत गेलेले नव्हते. इंजिनाच्या पायाला पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाशी बरोबर समपातळीत येत होती. त्यामुळे 15 इंची पाय या होडीला योग्य होता. काळजी वाटली ती इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेची. ती करंगळीएवढी जोरदार पडायला हवी, इथे मात्र नळाचे पाणी जाताना पडते तशी तुटक पडत होती.

मत्स्यव्यवसाय विभागाकडील नोंदणी, नाळेवरचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक, इंजिनाच्या पट्टीवरील क्रमांक आणि खरेदीची पावती हे सर्व जुळत होते. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज शिल्लक नाही, याचा कागद मागितल्यावर मालक थोडे नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तो आणून दिला. मागणी 1 लाख 10 हजारांची होती. फळीचे पाणी सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेले असल्याने फार घासाघीस करावी लागली नाही आणि व्यवहार 82 हजारांवर ठरला. त्यातले 10 हजार नोंदणी माझ्या नावावर होईपर्यंत मी राखून ठेवले. पैसे देण्याआधी भरतीला होडी पाण्यात लोटून, दोघे जण बसून अर्धा तास पूर्ण वेगाने फिरवली, कारण पिंपातल्या इंजिनावर भार नसतो आणि कोरड्यावरची होडी गळत नाही.

पावसाळ्यात फळी कापून नवी बसवली. त्याला 14 हजार लागले. कापलेले जुने प्लायवूड हाताने चुरडत होते. इंजिनाचा कार्बोरेटर साफ केल्यावर ते आता तिसऱ्या ओढीत सुरू होते. पाण्याच्या पंपातील रबरी चक्रही बदलले. जुन्या चक्राची दोन पाती तुटलेली होती. त्यांपैकी एकाचा तुकडा पाण्याच्या नळीत अडकलेला सापडला. दुसरा अजून सापडलेला नाही, त्यामुळे खाडीत तांबोशीसाठी गळ टाकून बसलो आणि इंजिन चालू असले, की माझा एक डोळा त्या धारेवर असतो.