बदललेलं मृत्युपत्र, दिवाणी दावा आणि तडजोड: माझा अनुभव

वडिलांच्या पहिल्या मृत्युपत्रात आम्हा तिन्ही भावंडांना सारखा वाटा होता. मृत्यूच्या दोन महिने आधी नोंदवलेल्या दुसऱ्यात सगळं एकट्या भावाला. नंतरचं मृत्युपत्र आधीच्याला रद्द करतं. दुसरं पडलं तरच पहिलं उभं राहतं.

आम्हा बहिणींना हे कळलं ते तलाठ्याच्या नोटिशीवरून. फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलाला, हरकत घ्यायला १५ दिवस असतात. लेखी हरकत दिली, पोच घेतली. मग नोंद गाव नमुना ६-अ मध्ये विवादग्रस्त म्हणून चढते आणि सुनावणी लागते. बरेच जण सगळा जोर इथेच लावतात, तो वाया जातो. मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवणं दिवाणी न्यायालयाचं काम, महसूल खात्याचं नव्हे. हरकतीमुळे फक्त वेळ मिळतो. त्या वेळात दावा आणि मनाई अर्ज (निकालापर्यंत जमीन विकायला बंदी मागणारा) दाखल करावा, आणि चालू दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी.

मृत्युपत्राची प्रमाणित प्रत करणारा हयात असताना दुसऱ्याला मिळत नाही. मृत्यूनंतर दाखला जोडून कोणीही मागू शकतं. रुग्णालयाच्या केसपेपरची मागणी मात्र त्याच आठवड्यात करा. आंतररुग्णांचे कागद जपण्याचं बंधन ३ वर्षांचंच आहे. औषधांचा तक्ता आणि रात्रपाळीच्या परिचारिकेने लिहिलेली ‘रुग्ण गोंधळलेला’ ही एक ओळ दहा नातेवाइकांच्या तोंडी साक्षीपेक्षा जड भरते.

आमच्या दाव्याच्या पहिल्या मसुद्यात ‘भावाने दबाव आणला’ एवढंच होतं. ते चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम ४ प्रमाणे दबावाचा तपशील तारखांसह मांडावा लागतो, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. भाऊ वडिलांजवळ राहत होता, त्यांची सेवा करत होता, एवढ्याने दबाव ठरत नाही, आणि ठरूही नये. संशयास्पद परिस्थितीचं गणित वेगळं. ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटचल अय्यंगार खटल्यात १९५८ च्या निकालपत्रात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून भर तिथे दिला: ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणि साक्षीदार आणले, मुलींना वगळण्याचं कारण लिहिलेलं नाही, आणि सहीच्या आदल्या आठवड्यात वडील अतिदक्षता विभागात होते. नोंदणीचा शिक्का असला म्हणून या शंका आपोआप मिटत नाहीत.

मृत्युपत्रावरचा एक तरी साक्षीदार हयात असेल तर त्याला न्यायालयात तपासावंच लागतं. उलटतपासणीत साधेच प्रश्न विचारायचे. मजकूर वाचून कोणी दाखवला? चष्मा होता का? आधी सही कोणाची झाली? दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर नव्हते, या मुद्द्यावर विसंबू नका. कायद्याला ते लागत नाही. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेलं किंवा सहीची कबुली त्यांच्याकडून ऐकलेली असावी, आणि स्वतःची सही त्यांच्यासमोर केलेली असावी.

वाटपाची मागणी त्याच दाव्यात पर्यायी म्हणून घातली. वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मृत्युपत्र बेकायदा असल्याचं न्यायालयाकडून जाहीर करून मागण्याच्या दाव्याला मुदत ३ वर्षं, ती महसूल अपिलात घालवू नये.

साक्षीदाराची उलटतपासणी झाल्यावर भाऊ बोलणीला आला. लोकअदालतीत तडजोड पुरसीस (तडजोडीच्या अटींचं लेखी निवेदन) दिली, कोर्ट फी परत मिळाली. पुरसिशीत दाव्यातलेच गट नंबर ठेवले. बाहेरची एखादी मिळकत घातली असती तर हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागली असती.